अवहेलनेचें व्याकरण

गेल्या दिवाळीच्या सुटींत सटाण्यासच आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं फराळास जाण्याचा योग आला. त्याचा मुलगा वैद्यकीच्या अभ्यासासाठीं चीन देशांत असतो. तो नुकताच घरीं आला होता. रुग्णांशीं बोलावयाचें तर त्यांची बोली आली पाहिजे, म्हणून तो तिचा नेटानें अभ्यास करीत आहे. त्याची वही आम्हीं सहज चाळावयास घेतली, तों तिच्यांत एका धड्याचें टिपण दिसलें. समोरच्या माणसाची किंवा त्याच्या म्हणण्याची आपणांस पर्वा नाहीं, हें चिनी बोलींत कोणकोणत्या वाक्यरचनांनीं सांगतात, हा त्या धड्याचा विषय. 'आय् छ्यू पू छ्यू' हें त्यांतलें एक वाक्य. शब्दशः पाहिलें तर 'आवड, जा, न, जा' एवढेच त्याचे घटक. अर्थ मात्र, 'जायचं तर जा, नाहीं तर राहा, मला काय त्याचं!' दुसरें वाक्य 'हाव् शन्म हाव्'. 'हाव्' म्हणजे चांगलें, 'शन्म' म्हणजे काय. तेव्हां सगळें मिळून, 'कसलं चांगलं नि कसलं काय!'

मुलानें हीं वाक्यें ठसक्यांत म्हणून दाखविलीं, तेव्हां घरांतलीं मुलें खळखळून हंसलीं. पण बैठकींत एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांनीं स्वतः अनेक वर्षें शाळेंत मराठी शिकविलें आहे. ते कपाळास आठ्या घालून म्हणाले, "शिकवायला दुसरं कांहीं उरलं नाहीं वाटतं! तुच्छता कशी दाखवावी, याचेही धडे? आपल्या भाषेंत असलं व्याकरण नाहीं, तेंच बरं." इतक्यांत घरच्या सूनबाई तबक घेऊन आल्या. त्यांस हातानेंच थांबवून ते म्हणाले, "नको. लाडूबिडू आतां कांहीं नको."

तें 'लाडूबिडू' आमच्या कानांतून अद्याप गेलेलें नाहीं. ज्या व्याकरणाचें अस्तित्व हे गृहस्थ नाकारीत होते, त्याचाच एक नियम त्यांनीं पुढच्याच वाक्यांत बिनचूक पाळला होता. त्यांचा उपमर्द करण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांचें मत हें त्यांचें एकट्याचें नसून, आपल्या सुशिक्षित घरांतून व शिक्षकवर्गांतून सर्वत्र आढळणारें मत आहे. आणि तें मत चुकीचें आहे, इतकेंच नव्हे तर अपायकारक आहे, असें आमचें म्हणणें असल्यामुळें आम्ही ही लेखणी उचलली आहे.

या मताच्या तीन बाजू आहेत. पहिली ही कीं, बेपर्वाई किंवा तुच्छता ही सुरांत असते, नाक मुरडण्यांत असते. तिला व्याकरण कसलें? दुसरी, व्याकरण असलेंच तरी तें ग्राम्य असल्यामुळें पुस्तकांत येण्यास अपात्र आहे. आणि तिसरी, तें पुस्तकांत आणावयाची गरजही नाहीं, कारण रस्त्यावर तें फुकट मिळतें. या तिन्हींचा क्रमानें विचार करूं.

सुराचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. पण सूर काढून टाकून नुसत्या कागदावर लिहिलें तरी जो अर्थ उरतो, तो व्याकरणाचाच म्हटला पाहिजे. वरील लाडवाचेंच उदाहरण घेऊं. शब्दाचें पहिलें अक्षर काढावें, त्याच्या जागीं 'बि' किंवा 'बी' घालावें आणि हा नवा निरर्थक शब्द मूळ शब्दाच्या पाठीस बांधावा, असा हा नियम आहे. चहाबिहा, पुस्तकबिस्तक, कामबीम. आमचे व्याकरणकार या शब्दांस अभ्यस्त शब्दांच्या वर्गांत घालतात आणि 'इत्यादि' असा त्यांचा अर्थ सांगून पुढें जातात. तो अर्थ खोटा नाहीं. "बसा, चहाबिहा घ्या," या वाक्यांत निव्वळ आतिथ्य आहे. परंतु "नियमबियम मला सांगूं नका," असें कोणी म्हणाला, तर त्यानें 'नियम इत्यादि' सांगण्याची मनाई केलेली नसते. नियम ही वस्तूच त्यानें दोन पायऱ्या खालीं उतरविलेली असते. होकारार्थी वाक्यांत जो 'बि' शब्दाचा अर्थ पसरवितो, तोच नकारार्थी वाक्यांत त्याची किंमत उतरवितो. हा भेद सुरावर नाहीं, वाक्याच्या घडणीवर अवलंबून आहे. आणि म्हणूनच तो शिकवितां येतो.

याहून नवलाचें रूप 'असेना का' हें. काहीं वर्षांपूर्वीं परप्रांतांतून एक तरुण अधिकारी आमच्या भागांत बदलून आले होते. गृहस्थ मोठे कष्टाळू. पुस्तकांवरून त्यांनीं मराठी शिकून घेतली होती. वैशाखांतल्या एका दुपारीं ते एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसले असतां अवकाळी पाऊस सुरू झाला. अधिकाऱ्यांनीं काळजीनें विचारलें, "आतां कसें?" म्हातारा निवांतपणें म्हणाला, "कांदा चाळींत पडला साहेब. आतां पाऊस पडेना का!" अधिकारी गोंधळून बाहेर पाहूं लागले. बाहेर तर पत्र्यांवर ताड ताड पाऊस वाजत होता, आणि हा म्हातारा पाऊस पडत नाहीं असें म्हणतो! ही हकीकत त्यांनींच पुढें आम्हांस हंसत हंसत सांगितली, आणि असें विचारलें कीं, "हें कोणत्या पुस्तकांत आहे?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. कारण शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या कोणत्याही पुस्तकांत तें आमच्या पाहण्यांत नव्हतें. 'पडेना' हें नकाराचें रूप. त्यास नुसता 'का' जोडतांच त्याचा अर्थ 'खुशाल पडो, माझें काय जातें?' असा उलटा होतो, ही गोष्ट बागलाणांतल्या सात वर्षांच्या पोरास ठाऊक असते, पण शाळेच्या व्याकरणास ठाऊक नसते.

आणि येथेंच त्या चिनी वाक्याचा आम्हांस उपयोग झाला. चिनी माणूस 'जा' आणि 'न जा' हे दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं ठेवतो. आम्हीही "तो आला काय नि गेला काय," असें म्हणतों. 'जाईना का' या रूपांतही जाण्याचा होकार आणि नकार एकाच शब्दांत कोंबलेला आहे. हें असें कां व्हावें? कारण पर्वा नसणें म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून दोन्ही पारडीं आपल्या लेखीं सारखीं असणें, हेंच होय. ज्या दोन भाषांचा एकमेकींशीं कांहींएक नातेसंबंध नाहीं, त्या दोहोंनीं ही गोष्ट सांगण्यास होकार व नकार जोडीनें उभे करण्याचीच युक्ति शोधावी, हा योगायोग नव्हे. मनुष्याच्या मनाचा एक व्यापार तेथें भाषेच्या आरशांत स्पष्ट दिसतो. असल्या आरशाला ग्राम्य म्हणून पाठ फिरविणाऱ्यास आम्ही विद्वान् कसें म्हणावें?

अशीं आणखी किती तरी उदाहरणें देतां येतील. 'कसला', 'कुठला' हीं प्रश्नार्थक विशेषणें, परंतु "कसला विद्वान् नि कसलं काय!" या वाक्यांत प्रश्न मुळींच नाहीं, साफ नकार आहे. चिनी 'शन्म'चें तरी दुसरें काय होतें? 'म्हणे' हें मूळचें क्रियापदाचें रूप, पण "मोठे विद्वान् म्हणे!" येथें तें विधानाची जबाबदारी लोकांवर ढकलून आपण दूर उभें राहण्याचें साधन झालें आहे. 'काय करतो? कपाळ करतो!' यांत शरीराचा एक अवयव कर्माच्या जागीं बसून सबंध क्रियेची माती करतो. म्हाताऱ्याचा 'म्हातारडा', कारकुनाचा 'कारकुंडा' व पोराचें 'पोरटें' करणारे प्रत्यय तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. चांगल्या मिशीवाल्या इसमास 'तें ध्यान' म्हणून नपुंसकलिंगांत टाकण्याची सोय तर सर्वांहून सोपी. आणि या सर्वांवर कडी म्हणजे आदरार्थी बहुवचन! "आपण फार शहाणे," या तीन शब्दांत आदराचीं सर्व चिन्हें आहेत आणि आदर मात्र तसूभरही नाहीं. इतक्या नियमबद्ध प्रांतास 'व्याकरण नाहीं' असें म्हणणें हें केवळ न पाहण्याचें लक्षण होय.

आतां हा प्रांत जुन्या लोकांनीं पाहिला नव्हता असें नाहीं. विल्यम केरी यानें श्रीरामपुराहून १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, त्यास रोजच्या व्यवहारांतले संवाद जोडले होते. आणि त्याच्या १८०१ च्या बंगाली संवादांच्या पुस्तकांत तर बायकांच्या भांडणाचेंही एक प्रकरण आहे. परक्या मुलखांत राहावयाचें तर तेथील भांडणही समजलें पाहिजे, इतका व्यवहार त्या पाद्र्यास कळत होता. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. तींत कित्येक शब्दांपुढें ते तिरस्कारानें वापरले जातात असा शेरा मारलेला आढळतो. म्हणजे कोशकारानें दार उघडें ठेविलें होतें. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ चें आणि मोरो केशव दामले यांचें शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ चें. या थोर पुरुषांचे उपकार विसरणें हा कृतघ्नपणा होईल. त्यांच्यापुढें काम होतें तें मराठीस संस्कृत व इंग्रजी यांच्या पंक्तीस बसविण्याचें. पाहुण्यांच्या पंगतीस बसावयाचें म्हणून त्यांनीं तिला पैठणी नेसविली, हें योग्यच झालें. दोष त्यांचा नाहीं. दोष आहे तो त्यांच्यामागून आलेल्या आम्हां शिक्षकांचा. कारण पैठणी हेंच भाषेचें अंग अशी आम्हीं आपली समजूत करून घेतली. आमच्या शालेय व्याकरणांत तिरस्कार कोठें सांपडतो? तर केवलप्रयोगी अव्ययांच्या यादींत! 'छी', 'थू', 'हट्' हीं तीन पांच अव्ययें पाठ केलीं कीं विद्यार्थ्यास मराठींतला तिरस्कार आला. पण खरा तिरस्कार 'थू' म्हणून कधीं येतो काय? तो "बरं, बघूं," म्हणून येतो.

चिनी लोकांची गोष्ट या बाबतींत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यांच्याकडे ग्रंथांची जुनी भाषा आणि लोकांची बोली यांमध्यें आपल्यापेक्षां किती तरी मोठी दरी होती, आणि विद्वत्तेचा सारा मान पहिलीकडे होता. १९१७ सालीं हू शृ यानें बोलींतच वाङ्मय लिहिलें पाहिजे असा पुकारा केला; त्यावर विद्वानांनीं पुष्कळ नाकें मुरडलीं. पण बोली जिंकली. पुढें १९६८ सालीं चाओ युआन-रन या पंडितानें चिनी बोलीचें आठशेंहून अधिक पृष्ठांचें व्याकरण प्रसिद्ध केलें. ग्रंथांतली नव्हे, तर माणसांच्या तोंडची भाषा त्यानें शास्त्राच्या आसनावर बसविली. त्या वहींतला धडा हें याच वृक्षाचें फळ आहे. आणि आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनमध्यें गेले, ते तेथील भाषा शिकून त्या भाषेंत वैद्यकी शिकवूं लागले. १९४२ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. वैद्यास रुग्णाची भाषा कां लागते? रुग्णाला काय होतें तें कळण्यास, हें तर खरेंच; पण 'कांहीं नाहीं हो, असंच,' म्हणून रुग्ण आपलें दुखणें झटकून टाकतो तें ओळखण्यासही लागते. जो झटकणें ओळखीत नाहीं, त्याला माणूस ओळखतां येत नाहीं.

हें कोणी मान्य केलें, तरी दुसरा आक्षेप पुढें येतोच. 'असेल व्याकरण, पण मुलांस उद्धटपणा कां शिकवावा?' आमचें उत्तर असें कीं, उद्धटपणा शिकविण्याची गोष्टच येथें नाहीं. विषांचीं लक्षणें शिकणारा वैद्य विषप्रयोग करावयास शिकत नाहीं. आणि तिसऱ्या आक्षेपाचें उत्तरही यांतच येतें. रस्त्यावर तुच्छता करावयास मिळते हें खरें. परंतु आपण ती केव्हां करीत आहों आणि आपली ती केव्हां होत आहे, हें ओळखावयास रस्त्यावर कोणी शिकवीत नाहीं. त्यासाठींच शाळा आहेत.

तुच्छतेच्या ज्या रूपांनीं आमच्या समाजाचें खरें नुकसान होतें, तीं शिवराळ नसतातच, तीं फार सभ्य असतात. कोणत्याही कचेरींत कागद घेऊन गेलेल्या खेडुतास विचारा. त्यास कोणी 'हट्' म्हणत नाहीं. त्यास म्हणतात, "ठेवा तिथं." त्यास म्हणतात, "होईल." आणि त्यास म्हणतात, "बघूं." हें 'बघूं' व्याकरणदृष्ट्या प्रथमपुरुषी अनेकवचन आहे, कोण बघणार, केव्हां बघणार, काय बघणार, यांतलें कांहींएक त्यांत नाहीं. शिकलेला मनुष्य हें ऐकून दुसरी वाट पाहतो. खेडूत मात्र त्याला वचन समजतो आणि पुढच्या आठवड्यांत पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून येतो. ज्यास हें व्याकरण येतें तो सुटतो व ज्यास येत नाहीं तो खेटे घालतो, अशी जेथें स्थिति आहे, तेथें तें व्याकरण न शिकविणें ही सभ्यता नव्हे; तो अन्याय आहे. याच सटाणा गांवांत एका मामलेदारास लोकांनीं देव केलें. आज यशवंतराव महाराजांच्या देवळांत यात्रा भरते, ती त्यांनीं चमत्कार केले म्हणून कोणी म्हणो. आम्हांस तर असें वाटतें कीं, एकोणिसाव्या शतकांतल्या त्या दुष्काळांत दारीं आलेल्या भुकेल्या रयतेला त्यांनीं 'बघूं' म्हटलें नाहीं आणि सरकारी खजिना उघडला, हाच तो चमत्कार होय.

इतकें लिहिल्यावर एक गोष्ट सांगितल्यावांचून लेखणी खालीं ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. आमचें आयुष्य इंग्रजी शिकविण्यांत गेलें. पुष्कळ वर्षांपूर्वीं एकदां वर्गांत एक इंग्रजी नाटक चाललें होतें. त्यांतलें एक पात्र खांदे उडवून एक लहानसें वाक्य बोलतें. त्याचा मराठींत नेमका अर्थ सांगा, असें आम्हीं विचारलें. पुढच्या बांकांवरच्या मुलांनीं कोशांतले शब्द जुळवून लांबलचक वाक्यें सांगितलीं, एकही जमेना. तेव्हां मुल्हेरच्या बाजूच्या एका खेड्यांतून येणारा, मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला व अहिराणींत म्हणाला, "माले काय करानं शे!"

वर्ग हंसला. आम्हीही किंचित् हंसलों असूं. आणि मग आम्हीं त्यास म्हणालों, "बरें. बसा आपण."

तो बसला. त्या वर्षांत त्यानें पुन्हा तोंड उघडलें नाहीं. पुढच्या वर्षीं तो आमच्या वर्गांत नव्हता. त्या वाक्याचें त्याहून अचूक भाषांतर आम्हांस आजतागायत सांपडलेलें नाहीं. अर्थ, लय, खांद्याची उडी, सगळें त्या चार शब्दांत होतें. उत्तर बरोबर होतें, आणि आम्हीं तें झटकून टाकलें; कारण तें ज्या बोलींत आलें ती ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणींतही १९०७ सालीं मराठीच्या खंडांत न पडतां भिल्ल भाषांच्या खंडांत पडली होती, आणि आमच्या मनांत तर ती कोणत्याच खंडांत नव्हती. "बसा आपण," यांत शिवी नाहीं, वाईट शब्द नाहीं. उलट आदरार्थी बहुवचन आहे. अठरा वर्षांच्या मुलास त्याचा अर्थ तत्काळ कळला. तीन भाषांचे व्याकरण घोकलेल्या प्राध्यापकास तो कळावयास वीस वर्षें लागलीं. आमच्या शिक्षणांत त्या धड्याची जागा कोरी होती, हेंच याचें कारण. ही सबब म्हणून आम्ही सांगत नाहीं, पुरावा म्हणून सांगतों.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, तेव्हां आमच्या गांवींही पेढे वांटले गेले. आम्हीही ते आनंदानें खाल्ले. पण भाषेचें वय दोन हजार वर्षांचें आहे हें सिद्ध करण्यास जेवढा खटाटोप झाला, त्याच्या शतांशानें तरी ती आज सकाळीं कशी बोलली जाते तें पाहावें, ही आमची मागणी आहे. माध्यमिक शाळांच्या व्याकरणांत एक प्रकरण घाला. त्यांत 'असेना का' व 'कसला', 'म्हणे' व 'बिडू' यांचे नियम द्या. कोणतें रूप बरोबरीच्या मित्रास चालतें आणि कोणतें आईबापांस वा अर्जदारास चालत नाहीं, हें उदाहरणांसह सांगा. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी या बोलींत हींच कामें कशीं होतात तें त्या त्या जिल्ह्याच्या शिक्षकांनीं मुलांकडूनच गोळा करून घ्यावें; मुलें हें काम हंसत करतील, आणि त्या हंसण्यांत त्या वेळीं कोणी एकटा पडणार नाहीं. आणि जे शिक्षक होऊं पाहतात त्यांस हें प्रकरण दोनदां शिकवा.

हें वाचून आमचे ते वयोवृद्ध स्नेही बहुधा म्हणतील, "प्राध्यापकांचं कांहींतरीच!" म्हणेनात का. पण तें म्हणतांना आपण एक पूर्ण, नियमबद्ध आणि अस्सल मराठी वाक्य बोललों, एवढें त्यांच्या ध्यानांत आलें, तरी आमचें काम झालें.